स्कार्फच्या बाहेर राहिलेला ओठ

ओठ फुटणं हा अकोल्यात आजार समजला जात नाही. मे महिन्यात इथे डांबर चपलेला चिकटतं, कूलरमध्ये पाणी ओतून ओतून हात दुखतात आणि सगळ्यांचेच ओठ फुटतात. बाबांचे, आईचे, समोरच्या किराणावाल्याचे. त्यामुळे माझा खालचा ओठ फुटला तेव्हा त्याच्याकडे कोणी दुसऱ्यांदा पाहिलं नाही. उन्हाळा सरला, बाकीच्यांचे ओठ बरे झाले, माझा झाला नाही. तरी कोणी पाहिलं नाही. मीही नाही.

मी फारशी बोलणारी नाही आणि स्वतःबद्दल लिहिणं मला अवघड जातं. पण स्किनच्या डॉक्टरांच्या खोलीबाहेर बसले होते तेव्हा मला असं काहीतरी वाचायला हवं होतं, मराठीत, साध्या शब्दांत, आधी त्या बाकावर बसून गेलेल्या माणसाने लिहिलेलं. ते सापडलं नाही. इंग्रजीत जे सापडलं त्याने मी जास्तच घाबरले. म्हणून हे.

एक गोष्ट आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझ्या अंगात जन्मापासून रंग तयार होत नाही. केस पिवळसर पांढरे, पापण्याही तशाच, कातडी गुलाबी. त्याला अल्बिनिझम म्हणतात. आमच्याकडे सरळ ‘भुरी’ म्हणतात. नजर अधू आहे, जाड चष्मा लागतो आणि उन्हात डोळे उघडत नाहीत. मला इंग्रजी शाळेत घातलं त्याचं एक कारण असं की त्या शाळेची व्हॅन दारापर्यंत यायची. उन्हात चालावं लागणार नव्हतं. पहिल्या दिवशी एका मुलाने बाईंना विचारलं, “ही लंडनची आहे का?” बाई म्हणाल्या, “नाही रे, जुन्या शहरातली आहे.” वर्ग हसला. मीही हसले, कारण हसले नाही तर जास्त बघतात हे मला तेव्हाच कळलं होतं.

आईने मला उन्हापासून जपलं त्याला तोड नाही. पूर्ण बाह्या, हातमोजे, टोपी, गॉगल, सनस्क्रीन, वर छत्री. हिवाळ्यातसुद्धा छत्री. लग्नाच्या वरातीत सगळे नाचत असायचे आणि आम्ही दोघी कडेने एका काळ्या छत्रीखाली चालत असायचो. लोकांना वाटायचं, ही बाई वेडी आहे. आईला त्याचं काही वाटत नसे.

बेंबीत तेल

मी अमरावतीला एका खाजगी क्लासमध्ये इंग्रजीचे पेपर तपासते आणि मुलांच्या सरावासाठी उतारे तयार करते. शिकवत नाही. वर्गासमोर उभं राहणं मला जमत नाही. तिथेच दोन मुलींबरोबर एका खोलीत राहते आणि सुट्टीला अकोल्याला येते.

ओठ बरा होत नाही हे आईला फोनवर सांगितलं तेव्हा तिने आधी तूप सांगितलं. मग ओठ आतून कोरडा पडतो म्हणून बेंबीत तेल. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा आणि तिचा आवाज फोनबाहेर सगळ्या खोलीभर ऐकू येतो.

“बेंबीत तेल घातलं का व?”

“हो.”

“खोबऱ्याचं घातलं का गोडं तेल?”

“आई, नंतर बोलते.”

खोलीतल्या दोघी उशीत तोंड खुपसून हसायच्या. पुढे त्यांच्यातल्या एकीचे ओठ फुटले तेव्हा तिने गुपचूप माझी तेलाची बाटली मागून घेतली. तिचा ओठ बरा झाला. मेडिकलवाल्याने मला पिवळ्या बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या दिल्या, नंतर एक मलम दिलं. मलम लावलं की ओठ मऊ व्हायचा, थांबलं की परत साल निघायची. मधोमध, थोडं डावीकडे, एक पांढुरकी जागा होती. ती कधीच जायची नाही. जेवताना तिखट लागलं की तिथेच झोंबायचं.

हे सगळं दिवाळीपर्यंत चाललं. सांगायचं कारण एवढंच की आम्ही निष्काळजी नव्हतो. आम्ही रोज काळजी घेत होतो, भलत्याच गोष्टीची.

दातासाठी गेले होते

अक्कलदाढ दुखत होती म्हणून अमरावतीतच दातांच्या डॉक्टरकडे गेले. तरुण होते. तोंड उघडायला सांगितलं, दिवा जवळ ओढला आणि दाढेकडे बघण्याआधी थांबले.

“हा ओठ असा किती दिवसांपासून आहे?”

“उन्हाळ्यापासून.”

“खर्रा वगैरे?”

सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा आमच्या भागात इतका खाल्ला जातो की तोंडात काहीही झालं तर पहिला प्रश्न तोच येतो. मी नाही म्हणून मान हलवली.

“लपवू नका. आम्ही घरी सांगत नाही.”

“नाही खात.”

“दाताला लावायचा गुडाखू?”

“नाही.”

त्यांनी ओठ थोडा ओढून पाहिला आणि दिवा बंद केला. “दाढेचं नंतर करू. आधी हा स्किनच्या डॉक्टरांना दाखवा. पुढच्या महिन्यात नाही, याच आठवड्यात.” चिठ्ठीवर त्यांनी एक इंग्रजी शब्द लिहिला आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

क्लासच्या ऑफिसात बसून मी तो शब्द फोनवर शोधला. मला फोन नाकाजवळ धरून वाचावं लागतं, त्यामुळे चेहरा झाकला जातो. त्या दिवशी ते बरं झालं. उन्हाने ओठाला होणारी इजा, कॅन्सरच्या आधीची अवस्था, असं लिहिलं होतं. पुढे फोटो होते. त्याच्याही पुढे ऑपरेशनचं होतं. ओठाचा लाल भाग सोलून काढतात आणि आतली कातडी बाहेर ओढून शिवतात.

मला दोन गोष्टींची भीती वाटली आणि खरं सांगायचं तर दुसरीची जास्त. पहिली, आत कॅन्सर असेल. दुसरी, ओठ कापतील. आधीच लोक वळून बघतात. त्यात तोंडही वेगळं झालं तर मी घराबाहेर पडणार नाही हे मला माहीत होतं. इतकं स्पष्ट माहीत होतं की मी त्या बाबतीत स्वतःशी वादसुद्धा घातला नाही.

आईला फोनवर म्हटलं, “ओठ स्किनच्या डॉक्टरांना दाखवते आहे, सहज.”

“सहज कोनी डॉक्टरकडे जाते का?” आई म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ती अमरावतीत हजर होती. छत्री घेऊन.

तपासणी

डॉक्टर मॅडम पन्नाशीच्या असाव्यात. सावकाश बोलत होत्या. आधी नुसते प्रश्न विचारले. ओठ कधीपासून असा आहे, मध्ये कधी पूर्ण बरा झाला होता का, रक्त येतं का, फोड येऊन गेले होते का, लहानपणी उन्हाने किती वेळा भाजलं, तंबाखू. तंबाखूचा प्रश्न आला तेव्हा आई खुर्चीतून पुढे सरकली.

“मॅडम, आमच्या घरी सुपारीबी नाई.”

“मला सगळ्यांना विचारावं लागतं, ताई. परवा एका कीर्तनकारांनाही विचारलं.”

“मंग?”

“तेच निघाले खाणारे.”

आई हसली आणि थोडी सैल झाली. मग मॅडमनी दिवा लावला आणि भुवई उंचावली.

“आज ओठाला काय लावलंय?”

“घरचं तूप हाय,” आई म्हणाली. “मीच लावलं येताना.”

“तूप चांगलंच आहे. पण मला ओठ बघायचाय, त्यामुळे पुसते.”

ओल्या कापसाने त्यांनी ओठ स्वच्छ पुसला. साल निघाली तेवढी निघाली. ती पांढुरकी जागा तशीच राहिली. त्यांनी परत पुसून पाहिली, निघाली नाही. मग भिंग लावून पाहिलं, हातमोजा घालून ओठ अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरला आणि एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत हळूहळू दाबत गेल्या. डावीकडे थांबल्या. परत मागे आल्या. परत थांबल्या. हनुवटीखाली आणि मानेवर बोटं फिरवून गाठी पाहिल्या. हे सगळं होईस्तोवर मी छताच्या पंख्याकडे बघत होते. आई माझ्याकडे न बघता मॅडमच्या चेहऱ्याकडे बघत होती.

“ओठ आणि कातडी जिथे मिळतात तिथे एक रेघ असते,” मॅडम म्हणाल्या. “हिची रेघ पुसट झाली आहे. ती आधीपासूनच पुसट होती की आता झाली, हे बघायला जुने फोटो आहेत का?”

आईने फोनमधले फोटो उघडले आणि इथे एक भलताच प्रकार झाला. माझे बहुतेक फोटो आमच्या गल्लीतल्या स्टुडिओत काढलेले आहेत. तिथले काका चांगुलपणाने, न विचारता, प्रत्येक फोटो कॉम्प्युटरवर दुरुस्त करून देतात. माझे केस काळे, भुवया काळ्या, कातडी गव्हाळ आणि ओठ गुलाबी, रेघ अगदी पेन्सिलने काढल्यासारखी. दहावीचा, कॉलेजचा, चुलतबहिणीच्या लग्नातला, सगळे तसेच. मॅडम एकेक फोटो सरकवत गेल्या आणि मग त्यांनी विचारलं, “हे कोण आहे?”

“हेच व्हय,” आई माझ्याकडे बोट करून म्हणाली.

एकच खरा फोटो निघाला, आधार कार्डावरचा. त्यात ओठच काय, नाकही धड दिसत नव्हतं. मॅडम हसल्या, मी हसले, आई जरा उशिरा हसली. मग त्या म्हणाल्या, “तर मग आजपासून खरे फोटो सुरू करू. पुढे तुलना करायला लागतील. चालेल ना?”

मी फोटो काढू देत नाही. मैत्रिणींच्या ग्रुपमध्येसुद्धा फोन मीच धरते म्हणजे मी त्यात येत नाही. मॅडमनी कॅमेरा हातात धरून ठेवला नाही, टेबलावर ठेवला आणि वाट पाहिली. विचारून थांबणारे लोक कमी भेटतात. मी हो म्हटलं. ओठाचे समोरून, डावीकडून, उजवीकडून आणि आतून ओढून असे फोटो निघाले. माझे न रंगवलेले, जवळून काढलेले पहिले फोटो ते.

मग त्यांनी माझ्या मांडीवरच्या स्कार्फकडे पाहिलं. “बाहेर जाताना हा बांधतेस?”

“रोज.”

“जसा रोज बांधतेस तसा बांधून दाखव.”

आमच्याकडे मुली स्कूटीवर जाताना डोळे सोडून सगळं तोंड बांधून घेतात. मीही बांधला. कपाळावरून घेतला, कान झाकले, मागे गाठ मारली, मग नेहमीप्रमाणे पुढचा पदर बोटाने खाली ओढला.

“थांब. हे का केलंस?”

“चष्म्यावर वाफ धरते.”

नाक बांधलं की श्वासाची वाफ चष्म्यावर जाते आणि मला काहीच दिसत नाही. म्हणून मी शाळेपासून स्कार्फ हनुवटीवर ठेवते, ओठाच्या खाली. वरचा ओठ नाकाच्या सावलीत राहतो. खालचा नाही. सनस्क्रीनही मी ओठांना कधी लावलं नव्हतं, कडू लागतं म्हणून. मॅडमनी आरसा माझ्यासमोर धरला नाही. त्यांनी नुसता दिवा माझ्या डोक्यावर धरला, सूर्य असतो तसा, आणि उजेड कुठे पडतो ते आईला बोटाने दाखवलं. सगळं अंग झाकलेलं आणि मध्ये एक ओठ.

आईच्या तोंडून एवढंच आलं, “अगं माय.”

कोणता शब्द ऐकू आला

मॅडमनी जे सांगितलं ते मी जसं आठवतं तसं लिहिते, कारण मला ते उपयोगी पडलं.

“बाहेरून जे दिसतंय ते उन्हाने झालेलं ओठाचं नुकसान आहे. हा कॅन्सर नाही. पण कॅन्सर इथून सुरू होऊ शकतो. प्रत्येकाला होत नाही. कुठे सुरू झालाय का हे नुसत्या डोळ्यांनी कोणालाच ठरवता येत नाही, मलाही नाही. डावीकडे मला थोडं जाड लागतंय. तिथला बारीक तुकडा काढून तपासायला पाठवू. तो रिपोर्ट येईपर्यंत ओठ कापायचा की नाही यावर आपण बोलायचंच नाही.”

आईला या सगळ्यातून एकच शब्द ऐकू आला. बाहेर बसस्टँडच्या बाकावर बसल्यावर तिने तो उच्चारला नाही, पण दुसरंच सुरू केलं. “सारं अंग झाकलं. कान झाकले. हाताले मोजे घातले. अन ओठच राह्यला.” मग परत, “कान झाकले अन ओठ राह्यला.”

तिसऱ्यांदा मी म्हटलं, “आई, बस कर. ओठ माझा आहे.”

“ओठ तुहा हाय, पन पोरगी माही हाय.”

मला रडू येत होतं आणि बसस्टँडवर रडायचं नव्हतं, म्हणून मी रागावले. म्हटलं, तू आयुष्यभर मला झाकत आलीस, आता तरी एक दिवस मला नुसती बसू दे. आईने पिशवीतून संत्रं काढलं, सोललं, एक फोड माझ्या तोंडाशी आणली. मग झोंबेल हे तिच्या लक्षात आलं. फोड हवेतच राहिली आणि शेवटी तिने ती स्वतःच खाल्ली. असं करत करत तिने पूर्ण संत्रं खाल्लं, माझ्याकडे न बघता. भांडण तिथे संपलं. माफी कोणीच मागितली नाही.

तुकडा

तारीख दोन दिवसांनंतरची मिळाली. तपासणीचा तुकडा काढायला फार वेळ लागत नाही. भूल द्यायची सुई दुखते, खोटं कशाला सांगू. ओठाला सुई टोचते तेव्हा डोळ्यांतून आपोआप पाणी येतं. मग ओठ वांग्याएवढा झाल्यासारखा वाटतो आणि काही कळत नाही.

“हलू नका ताई,” सिस्टर म्हणाल्या, “नाहीतर मॅडम नाकाचा तुकडा पाठवतील अन रिपोर्ट एकदम चांगला येईन.”

दोन टाके पडले. बाटलीत टाकलेला तुकडा त्यांनी मला दाखवला, ज्वारीच्या दाण्याएवढा होता. एवढ्याशा दाण्यावर सगळं ठरणार होतं.

रिपोर्टची वाट बघायचे दिवस सगळ्यात वाईट. मी अकोल्यालाच थांबले. घरात कोणी काही बोलत नव्हतं. बाबा बोलत नाहीतच. ते नळाच्या मोटरीचे सुटे भाग विकतात आणि घरीही काहीतरी उघडून बसतात. त्या आठवड्यात त्यांनी चांगला चालणारा पंखा उघडून परत जोडला. माझी भीती इंग्रजीत होती आणि ती मी कोणाला वाचून दाखवू शकत नव्हते. आई दुपारी विचारायची, “त्या फोनात काय वाचून राहिली?” मी म्हणायचे, “काही नाही.” एकदा ती म्हणाली, “काई नाई ते रोज थोडी वाचते कोनी.” तेव्हा मी फोन ठेवून दिला आणि तिच्यासोबत तुरीच्या शेंगा सोलत बसले. या दिवसांसाठी माझ्याकडे एवढाच सल्ला आहे. हाताला काम द्या आणि रात्रीचं काही शोधू नका.

रिपोर्ट घ्यायला आम्ही दोघी परत अमरावतीला गेलो. पाकीट मिळालं आणि मॅडमची वेळ व्हायला अवकाश होता. मी भिंतीला टेकून कागद नाकाशी धरला. ‘कॅन्सर नाही’ असं सरळ वाक्य त्यात कुठेच नव्हतं. पेशींची मध्यम स्वरूपाची विकृती, खालच्या थरात शिरकाव आढळला नाही, अशा अर्थाचं काहीतरी होतं. मी ते शेवटचं परत परत वाचलं.

“काय लिवलं?” आई म्हणाली.

मला इंग्रजीत कळलं होतं. मराठीत शब्द नव्हता आणि आईच्या बोलीत तर मुळीच नव्हता. लहानपणापासून मी घरात इंग्रजीचं मराठी करून देत आले आहे, लाइट बिलापासून औषधाच्या डबीपर्यंत. इतकं अवघड कधीच गेलं नव्हतं.

“पेशी बिघडायला लागल्या होत्या,” मी म्हटलं. “पण जिथल्या तिथेच आहेत. आत शिरल्या नाहीत.”

आई विचार करत राहिली. “म्हनजे दूध नासलं नाई. नासाले आलं होतं.”

“हो.”

“मंग आता तापवलं तर वाचते.”

थोड्या वेळाने मॅडमनीही जवळपास हेच सांगितलं, फक्त दुधाशिवाय. ओठ कापायची आज गरज नाही. एक मलम लावायचं, काही आठवडे. ते बिघडलेल्या पेशी शोधून जाळतं. “आधी खूप वाईट दिसेल,” त्या म्हणाल्या. “घाबरून थांबवू नका. आणि एका तुकड्यावरून सगळ्या ओठाची खात्री देता येत नाही. म्हणून मी तुला सोडणार नाही. तुला येत राहावं लागेल.”

वाईट दिसण्याचे दिवस

त्यांनी खरं सांगितलं होतं. पहिले काही दिवस काहीच झालं नाही आणि मला वाटलं, औषध लागू पडत नाही. मग ओठ लाल झाला, सुजला, फुटला, त्यावर खपल्या धरल्या, खपल्या फुटल्या. नुसत्या पांढुरक्या जागेवर नाही, जिथे मला काहीच दिसत नव्हतं तिथेही. उन्हाने सगळ्या ओठावर काम केलेलं होतं हे तेव्हा कळलं. बोलताना दुखायचं. मी तशीही कमी बोलते, पण न बोलणं आणि बोलता न येणं यांत फरक असतो.

क्लासमधून सुट्टी घेतली आणि अकोल्याला आले. आई भाताची पेज, आंबील, गार दूध असं काहीबाही चमच्याने पाजायची. आमच्या घरात तिखटाशिवाय घास उतरत नाही. एक दिवस लक्षात आलं की बाबांच्या ताटातही पेजच आहे. मी बोट दाखवून विचारलं.

“पोटाले बरी वाटते,” बाबा म्हणाले. तीन आठवडे त्यांच्या पोटाले पेज बरी वाटली. आई म्हणाली की ते दुकानाजवळ मिरचीभजी खाऊन येतात. मला ते खोटं वाटतं. निदान रोज नसतील खात.

त्यातच शेजारच्या काकू आल्या. माझ्याकडे पाहिलं, पदर तोंडावर घेतला आणि आईला स्वयंपाकघरात नेऊन हळू आवाजात विचारलं. त्यांचा हळू आवाजही मला बाहेर ऐकू येतो.

“काहून व रेणूची माय, पोरगी खर्रा-बिर्रा खाते का काय तिकडं? रूम करून राह्यनाऱ्या पोरी खातात म्हनते.”

“खाते ना,” आई म्हणाली. “तुमच्याच घरून नेते. भाऊजीच्या खिशातून.”

काकूंचे यजमान दिवसभर खर्रा घोटतात हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. मला हसू आलं आणि ओठ फाटला, रक्त आलं, तरी मी हसतच होते. काकू तरातरा निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी त्याच काकू दुधी किसून केलेली खीर घेऊन आल्या, ओठाला लागू नये म्हणून गार केलेली, वेलचीही न घातलेली. आईने भांडं रिकामं परत न देता त्यात गूळ घालून दिला. त्या विषयावर परत कोणी बोललं नाही.

मलम थांबल्यावर खपल्या आपोआप पडल्या. खाली नवा ओठ होता. पातळ, फिकट, पण गुळगुळीत. पांढुरकी जागा नव्हती. मॅडमनी पहिल्या दिवसाचे फोटो आणि आजचे शेजारी शेजारी लावून दाखवले. मी स्क्रीनला नाक लावून पाहिले. पुसट झालेली रेघ पूर्ण परत आलेली नव्हती. ती येईलच असं नाही, असं मॅडम म्हणाल्या. ओठ माझाच होता.

आता ओठालाही सनस्क्रीन लावते, कडू लागलं तरी. चष्म्याचं मात्र अजून जमलेलं नाही. नाकावर कापड घेतलं की वाफ धरतेच. सध्या मोठ्या काठाची टोपी घालते आणि वाटेत अर्धे लोक वळून बघतात. बघू देत.

महिन्यातून एकदा

शेवटी मॅडमनी एक काम दिलं. दर तीन महिन्यांनी त्यांच्याकडे, आणि मधल्या काळात महिन्यातून एकदा घरी ओठ तपासायचा. बघून आणि दाबून. मी म्हटलं, माझी नजर आरशात इतकं बारीक धरत नाही. त्यांनी आईकडे पाहिलं.

आईने बेसिनवर हात धुतले. मॅडमनी तिची बोटं धरून दाखवलं, अंगठा बाहेरून, बोट आतून, न रगडता, नुसतं चाचपत. “मऊ लागायला हवं. कुठे खडा लागला, जाड लागलं, जखम भरत नसली, तर फोन न करता सरळ यायचं.” आईने अंगठा माझ्या ओठावर ठेवला. चेहऱ्याला कोणी हात लावलेला मला आवडत नाही, आईनेसुद्धा. मी डोळे मिटून घेतले.

पहिल्या महिन्यात काही लागलं नाही. दुसऱ्या महिन्यात, रविवारी सकाळी खिडकीपाशी, आईची बोटं डावीकडे थांबली. मागे गेली. परत तिथेच आली.

“इथी काई हाय,” ती म्हणाली.

बाबांनी पेपर खाली ठेवला. मी स्वतः बोट लावून पाहिलं. होतं, बाजरीच्या दाण्याएवढं, टणक. सोमवारी आम्ही गाडी पकडली. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा आलं. मी मनातल्या मनात त्या ऑपरेशनचे फोटो पाहत होते. या वेळी ओठ गेला तर गेला, आतलं काही नसू दे, असं वाटलं, आणि माझ्या दोन भीतींची जागा बदलली आहे हे मला बडनेऱ्याच्या पुलावर कळलं.

मॅडमनी दाबून पाहिलं. “हो, आहे,” त्या म्हणाल्या. मग भिंग लावलं, तुकडा काढल्यानंतरचा फोटो उघडला, परत दाबलं. बराच वेळ गेला. “हे टाक्याचं आहे. जखम भरताना आत असा दाणा बसतो कधीकधी. आजूबाजूला सगळं मऊ आहे, वरची कातडी चांगली आहे. तरी मी मापून ठेवते. वाढला तर लगेच या.”

आईने श्वास सोडला. “फुकट तुमचा वेळ घेतला, मॅडम.”

“ताई, एवढासा दाणा तुमच्या बोटांना लागला,” मॅडम म्हणाल्या. “असं काही लागलं तर दर महिन्याला माझा वेळ घ्यायला या.”

बाहेर येऊन आईने छत्री उघडली आणि माझ्या डोक्यावर धरली. त्या दिवशी ‘ओठच राह्यला’ हे वाक्य आलं नाही. नंतरही आलेलं नाही.

पुढच्या महिन्यात रविवारी तिने हाक मारण्याआधी मीच खुर्ची खिडकीपाशी ओढली. आई हात धुऊन आली. उजव्या कोपऱ्यापासून सुरुवात केली, मध्यापर्यंत आली, थोडं डावीकडे सरकली आणि थांबली. अंगठा हलला नाही. मी तिच्या श्वासाचा आवाज ऐकत होते.

“तेवढंच हाय,” ती म्हणाली. “वाढलं नाई.”

मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं.

“बोलू नको,” आई म्हणाली. “कोपरा राह्यला हाय अजून.”